टपावरचे बार दर खेपेला सैल होतात, सायकली कलतात: कारण कसं शोधायचं, बार कसे निवडायचे

तक्रार एकच, पण पुन्हा पुन्हा येणारी. कारच्या टपावर आडवे बार बसवले, त्यांवर दोन सायकली चढवल्या, नट कचकचून आवळले. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढेपर्यंत पुढचा बार दोन बोटं मागे सरकलेला असतो. किंवा वर्ध्याहून निघालेली सायकल हिंगणघाट येईस्तोवर एका अंगाला कललेली असते. थांबून पुन्हा आवळायचं, पुढच्या गावात पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी पान्यात पाइप घालून जोर लावतो आणि क्लॅम्पचा आकडा वाकतो किंवा दाराच्या चौकटीचा रंग सोलून निघतो.

आणखी आवळणं हा यावरचा उपाय नाही. बार सरकतात याचं कारण बहुतेक वेळा निवडीत असतं. बार घेताना सायकल पाहिलेली असते, किंमत पाहिलेली असते, टप पाहिलेला नसतो. म्हणून आधी नेमकं काय हलतं ते शोधा. मग टप ओळखा, वजन मोजा. नवे बार घ्यायचे की आहेत तेच नीट बसवायचे, हे त्यानंतरच ठरवता येतं.

हलतं काय, ते आधी पाहा

रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी आणि एक मार्कर एवढंच लागतं. बारच्या चारही पायांना (बार टपाला धरून ठेवणारे, खाली रबर असलेले भाग) लागून टपावर (किंवा टपाच्या कडेच्या लांब दांड्यावर, म्हणजे रेलवर) चिकटपट्टी लावा, तिची कड पायाच्या कडेशी अगदी जुळलेली हवी. प्रत्येक नटावरून शेजारच्या वॉशरपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. सायकलचा ट्रे (सायकलची चाकं बसतात ती पट्टी) बारला जिथे धरतो तिथेही बारवर खूण करा. आता सायकली चढवून, ४० च्या आत, खराब रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन या आणि खुणा वाचा.

नटावरची रेघ जुळलेली आहे, पण पाय चिकटपट्टीपासून सरकला आहे: नट सैल झालेला नाही, पकडच नाही. रबराखाली धूळ किंवा पॉलिश आहे, पायाचा आकार टपाशी जुळत नाही, नाहीतर ज्या रेलला बार धरला ती रेलच शोभेची आहे.

रेघ तुटली आहे: नट खरोखर फिरला. नट बदला.

रेघही जुळते, पायही जागेवर आहे, तरी बार हाताने हलतो: रबर दबून बसलं. उन्हाळ्यात ही तक्रार सगळ्यात जास्त दिसते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

बार पक्के आहेत पण ट्रे घसरला: बारचा आकार आणि ट्रेचा क्लॅम्प एकमेकांचे नाहीत.

सगळं जागेवर आहे आणि सायकलच कलली: पट्टा, फ्रेमची पकड किंवा सायकलच्या चाकातली हवा. शेवटचं कारण कोणाच्या डोक्यात येत नाही. आपल्याकडे पांदणीतून फिरलेल्या सायकलच्या टायरमध्ये बाभळीचा काटा मोडून राहिलेला असतो, हवा हळूहळू उतरते. पट्टा टायरवरून आवळलेला असतो. टायर बसला की पट्टा आपोआप ढिला होतो आणि दोष मात्र कॅरिअरवर येतो. चढवण्याआधी टायर अंगठ्याने दाबून पाहा आणि पट्टा रिमवरूनही जाईल असा घ्या.

टप कोणत्या जातीचा आहे

ओमनी, जिप्सीसारख्या गाड्यांच्या टपाच्या कडेला पावसाच्या पाण्याची पन्हळ असते. पन्हळीत बसणारे पाय साधे, स्वस्त आणि भरवशाचे असतात. पन्हळ गंजलेली नाही एवढं मात्र नख लावून बघा.

खाली बोट जाईल अशी फट असलेली उंच रेल असेल तर पाय रेलला वेढा घालून धरतो. टपाला चिकटलेली, फट नसलेली रेल असेल तर तिचे पाय वेगळे येतात. उंच रेलचा क्लॅम्प तिच्यावर बसत नाही, ओढूनताणून बसवला तर निसटतो. काही गाड्यांत टपावरच्या प्लास्टिकच्या छोट्या झाकणांखाली आटे पाडलेले असतात, तिथे पाय थेट बोल्टने बसतो. रेल नाही, पन्हळ नाही, आटे नाहीत असा साधा टप असेल, तर दाराच्या चौकटीत आकडा अडकवणारे पाय लागतात. गावाकडच्या बहुतेक छोट्या गाड्या याच जातीच्या.

खरी फसगत होते ती शोभेच्या रेलमध्ये. बाहेरून ती उंच रेलसारखीच दिसते, फटही असते, पण आतून ती प्लास्टिकची असून क्लिपांवर किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर बसवलेली असते. ओळखायचं कसं? गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा किलोत दिली आहे का आणि ते वजन रेलवर चालेल असं लिहिलं आहे का, ते वाचा. पुस्तिका नसेल तर रेलची दोन्ही टोकं धरून वर ओढा आणि बाजूला दाबा: कडकड आवाज, टोकाशी फट उघडणं किंवा थोडंही वाकणं यांचा अर्थ तिच्यावर काहीही बांधायचं नाही. फटीत बोट गेलं म्हणजे रेल खरी, हा समज चुकीचा आहे. शोभेच्या रेलवर बार नुसते सैल होत नाहीत, ती सगळी रेलच उखडते आणि सायकलींसकट मागच्या दुचाकीवाल्यासमोर पडते. अशी रेल असेल तर तिला हात न लावता चौकटीत अडकणारे पाय घ्या, तेही त्या मॉडेलवर ती रेल असताना बसतात असं पायांच्या तक्त्यात लिहिलेलं असेल तरच.

चौकटीच्या पायांमध्ये ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं छापलेला माल टाळावा. टपाची कड प्रत्येक मॉडेलला वेगळी वळलेली असते. ज्या संचात पाय एकच पण रबर आणि आकडा गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळा मिळतो, तोच घ्या. त्या जोडसंचाबरोबर एक तक्ता येतो. पुढचा पाय दाराच्या कडेपासून किती सेंमीवर ठेवायचा, मागचा किती, हे त्यात असतं. ती मापं अंदाजाने नाही, टेपने मोजून पाळायची. टप दाराच्या खांबांजवळ मजबूत असतो आणि मधे पातळ. पाय चार बोटं सरकवला तर पत्र्याला पोचा पडतो.

वजनाचा हिशोब

तीन मर्यादा असतात: गाडीच्या टपाची, बारची आणि ट्रेची. बारवर १०० किलो लिहिलं असेल आणि टप ५० किलोचा असेल, तर हिशोब ५० चाच. या ५० मध्ये बार आणि ट्रेसुद्धा मोजायचे असतात, हे विसरलं जातं.

गिअरच्या अ‍ॅल्युमिनियम सायकली साधारण १३ किलोच्या. दोन सायकली २६, दोन ट्रे ७, बार साडेपाच, एकूण साडेअडतीस किलो. ठीक आहे. आता एक काळी देशी सायकल धरा २० किलो आणि मुलीची शाळेची लेडीज सायकल १८ किलो. ३८ अधिक ७ अधिक साडेपाच म्हणजे साडेपन्नास. ५० ची मर्यादा गाडी हलायच्या आधीच ओलांडली. शिवाय बहुतेक ट्रे प्रत्येकी १५ ते २० किलोसाठीच केलेले असतात. म्हणजे देशी सायकल ट्रेच्या अगदी काठावर असते, आणि दर गचक्याला तिचा भार कितीतरी वाढतो. बार ‘आपोआप’ सैल होतात असं वाटतं, त्यामागे पुष्कळदा हा हिशोब असतो.

आकडे अंदाजाने घेऊ नका. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग सायकल उचलून उभे राहा, फरक काढा. मागचं कॅरिअर, कुलूप, पाण्याची बाटली, पंप हे सगळं उतरवून आत ठेवा. ई-सायकल असेल तर बॅटरी काढा. तरीही ती बहुधा ट्रेच्या मर्यादेबाहेर जाते.

बसवण्याची रीत

टप आणि रबर दोन्ही साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करा. आपल्याकडची बारीक काळी धूळ रबराखाली राहिली तर ती पकड तर घालवतेच, शिवाय रंगही घासते. टपावर पॉलिश किंवा मेण लावलं असेल तर पायांच्या जागी ते पूर्ण काढा. रबर चमकावायला तेल, ग्रीस काहीही लावू नका.

बार मधोमध ठेवा, दोन्ही बाजूंना सारखा बाहेर. एका बाजूचा नट पूर्ण आवळून मग दुसरीकडे जायचं नाही. असं केलं की बार पहिल्या बाजूला ओढला जातो आणि दुसरा आकडा अर्धवट धरतो. डावीकडे दोन फेरे, उजवीकडे दोन फेरे, असं शेवटपर्यंत. आवळण्याआधी कर्ण मोजा: पुढच्या बारच्या डाव्या टोकापासून मागच्याच्या उजव्या टोकापर्यंत आणि उलट. दोन्ही मापं सारखी आली, आणि दोन बारांमधलं अंतर डावीकडे-उजवीकडेही सारखं असलं, तर बार समांतर आहेत. बार तिरपे असले तर ट्रे पिळून बसतो आणि प्रत्येक धक्क्याला एक पाय ओढतो. दोन बारांमधलं अंतर ७० सेंमीच्या आसपास असावं. गाडी छोटी असेल तर थोडं कमी चालेल, पण ६० च्या खाली सायकल मागेपुढे डोलते.

किती आवळायचं? बहुतेक संचांना साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) पुरतात. तुमच्या पुस्तिकेतला आकडा हाच शेवटचा. अनेक संचांबरोबर ठरावीक ताणाला टकटक करून सुटणारी चावी येते, ती हरवू नका. नसेल तर बॅग मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. बोल्टच्या मध्यापासून १५ सेंमीवर पान्याला काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. साडेतीन किलो दिसले की जवळपास ५ न्यूटन-मीटर झाले. पाना छोटा असेल, १० सेंमीचा, तर पाच किलो. इतक्या थोड्या जोराने खरंच धरतं का, ही शंका येईल. पाय योग्य असेल तर धरतं. त्याहून दुप्पट जोर लावूनच धरत असेल तर तो पाय त्या टपाचा नाही.

बसवून झाल्यावर पायाजवळ बार धरून जोराने पुढेमागे हलवा. गाडी स्प्रिंगवर डुलली पाहिजे, बार नाही. चारही दारं नेहमीसारखी लागतात का तेही पाहा.

ऊन आणि रबर

चौकटीच्या पायांचा बोल्ट बहुतेक एम-६ (६ मिमी जाडीचा) असतो, त्याच्या आट्यांतलं अंतर १ मिमी. म्हणजे रबर अर्धा मिमी दबलं की बोल्ट अर्धा फेरा सैल पडल्यासारखं होतं, नट जागचा न हलताही. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टपाला हात टेकवत नाही. पहाटे गार टपावर बार बसवले आणि दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की रबर मऊ होऊन दबतं, आणि संध्याकाळी गार झाल्यावर पूर्वीच्या जाडीवर येत नाही. म्हणून उन्हाळ्यात दोनदा तपासणी ठेवा: निघाल्यावर २०-३० किलोमीटरने एकदा, आणि गाडी उन्हात उभी राहून निघते तेव्हा एकदा. दोन्ही वेळा ठरलेल्या ताणापर्यंतच. रबर एकदा बसलं की तक्रार थांबते. थांबत नसेल तर रबर मेलं आहे. नखाने दाबून खळगा पडत नसेल, कडेला भेगा असतील, पृष्ठभाग चकाकत असेल तर नवीन जोड घ्या.

पायाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालायची सवय सोडा. मऊ थर जितके जास्त, तितकं दबणं जास्त. फट भरायला ट्यूब लागत असेल तर पायच चुकला आहे. ट्रेचा क्लॅम्प जिथे लोखंडी बारला धरतो, तिथे मात्र ट्यूबचा एक थर चांगला. तो घसरण थांबवतो.

फिरलेल्या नटांचं कारण उष्णता नसते. नायलॉनचं कडं असलेले नट साधारण १२० अंशांपर्यंत टिकतात. पण तेच नट पुन्हा पुन्हा काढले-घातले की कडं झिजतं. बोटाने शेवटपर्यंत फिरत असेल तर नट फेकून नवा लावा. ट्रे जोडणाऱ्या, कायम राहणाऱ्या बोल्टांना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आट्यांत लावायचा चिकट द्रव) चालतं. दर वेळी उघडायच्या बोल्टांना ते लावू नये.

कोणता बार, कोणता ट्रे

चौकोनी लोखंडी बार मजबूत आणि स्वस्त, पण वाऱ्यात घुमतो. पंखासारखा अ‍ॅल्युमिनियमचा बार हलका, आवाज कमी, आणि वरच्या खाचेत टी-बोल्टने ट्रे बसतो. ती खाच सहसा २० मिमीची असते. ट्रेबरोबरचे टी-बोल्ट त्या मापाचे आहेत का ते दुकानातच बसवून पाहा. चौकोनी बारसाठीचा यू-क्लॅम्प पंखाच्या बारवर लावला तर तो दोन कडांवरच टेकतो आणि घसरतो.

पुढचं चाक काढून चिमटा (पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फ्रेमचा भाग) पकडणारा ट्रे सगळ्यात स्थिर आणि उंचीला कमी, पण त्याला क्विक-रिलीजचा (खटका उघडून चाक निघतं तो) किंवा थ्रू-अ‍ॅक्सलचा (आरपार आस ओढून चाक निघतं तो) चिमटा हवा. नटांवर बसणाऱ्या चाकांच्या सायकलींना तो बहुधा उपयोगाचा नाही. दोन्ही चाकं ट्रेत आणि एक दांडा फ्रेमला धरतो, असा प्रकार गावाकडच्या सायकलींना बरा. मानव विकासच्या योजनेत मिळालेल्या मुलींच्या सायकलींना वरचा आडवा दांडा नसतो. पकड खालच्या तिरप्या दांड्याला लावा. रॉड ब्रेक असेल तर पट्टा ब्रेकच्या सळईवरून जाणार नाही असा घ्या, नाहीतर सळई वाकून ब्रेक रिमला घासत राहतो. पट्ट्याखाली मडगार्ड येत असेल तर तो दबतो, म्हणून चाकाच्या खालच्या बाजूला, मडगार्डच्या बाहेर आवळा. कार्बनच्या फ्रेमला दांड्याची पकड लावूच नका. चार इंची जाड टायर साध्या ट्रेत मावत नाहीत, त्यांना वेगळा ट्रे लागतो.

दोन सायकली उलटसुलट तोंडाने ठेवा, हँडलं अडकत नाहीत. जड सायकल चालकाच्या बाजूला ठेवली तर पट्ट्यांवर खिडकीतून लक्ष राहतं. एक जास्तीचा २५ मिमी पॉलिएस्टर पट्टा फ्रेम आणि बारभोवती असावाच. नायलॉनची दोरी नको; ती ताणली जाते, ओली झाल्यावर आणखी.

फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर पूर्ण जाळीचं कॅरिअर करू नका. १५-१८ मीटर २५ मिमी चौकोनी पाइपचं ते काम वीस किलोच्या घरात जातं, टपाची जवळपास निम्मी मर्यादा तिथेच संपते. त्यापेक्षा ३० × ३० मिमी, २ मिमी जाडीचे दोन बार पुरतात. मीटरला पावणेदोन किलो. टोकं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी आत राहून गंज टपावर उतरतो. पाय मात्र बाजारातलेच घ्या. वेल्डिंगने केलेला आकडा चौकटीच्या वळणाला बसत नाही.

शिट्टी आणि घूं आवाज

वारा बारच्या मागे एका लयीत भोवरे सोडतो, तोच तो आवाज. बारवर दोरी नागमोडी गुंडाळली, दर १० सेंमीला एक वेढा, तर ती लय मोडते आणि आवाज बराच पडतो. पंखाच्या बारची खाच उघडी असेल तर तिची रबरपट्टी लावा, टोकाची बुचं पाहा, बार उलटा तर बसवलेला नाही ना तेही पाहा. जाड कड पुढे हवी. पट्टा फडफडत असेल तर बांधताना त्याला अर्धा पीळ द्या.

रस्त्यावर

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावरचे आपले डांबरी रस्ते लाटालाटांचे होतात. टपावरच्या सायकली मीटरभर उंच असतात; गाडी डावी-उजवीकडे डोलली की त्या पायांना उपटायचा प्रयत्न करतात. अशा रस्त्याला ४०, चांगल्या रस्त्याला ८० पुरे. वेग ६० वरून ८० झाला की वाऱ्याचा जोर पावणेदोन पट होतो, १२० ला चौपट. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे, सायकली वर असताना ती घेऊ नका. गावातले रंग न दिलेले गतिरोधक पहिल्या गिअरवर आणि सरळ ओलांडा.

उंची मोजून कागदावर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. दीड मीटरची गाडी सायकलींसह २.७ मीटरच्या आसपास जाते, बोलेरोसारखी उंच गाडी तीन मीटरच्या वर. रेल्वेफाटकाच्या जागी आता जे भुयारी रस्ते झाले आहेत, त्यांच्या तोंडाशी लोखंडी कमानीवर उंची लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय आत जायचं नाही. गावातल्या चिंचेच्या आणि बाभळीच्या फांद्यांवर मात्र काही लिहिलेलं नसतं, तिथे सोबतच्याला उतरवून पाहायला सांगा. घरी पोचल्यावर बार काढून ठेवा: ऊन रबराला खातं, आणि रिकामे बारही पेट्रोल जास्त पितात.

साधा टप, ५० किलोची मर्यादा आणि दोन देशी सायकली, असा मेळ असेल तर कोणतेही बार घेऊन तो बसणार नाही. एक सायकल वर, एक मागची सीट पाडून पुढचं चाक काढून आत, किंवा दोन्हींसाठी पिकअप.